बिअरचं फूल

“मावशी, हे बिअरमध्ये घालतात,” असं म्हणून तो काष्ठौषधीवाला हसला, आणि मला वाटलं, त्याचाच पितळी तराजू उचलून त्याच्या थोबाडात हाणावा. मी स्टीलच्या डबीत चिमूटभर फुलं घेऊन गेले होते. वाळलेली, पोपटी, कांद्याच्या टरफलासारखी हलकी. घरातलं पाकीट संपत आलं होतं आणि सुनेपुढं हात पसरायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, जळगावच्या दाणाबाजारात जटामांसी मिळते, पिंपळमूळ मिळतं, कुठल्या कुठल्या झाडाच्या साली मिळतात, तर हेही मिळेल. त्यानं डबी नाकाशी नेली, दोन बोटांत फूल चुरलं, बोटाला पिवळी पूड लागली ती पुन्हा हुंगली, आणि मोबाइलवर फोटो काढून माझ्यासमोर धरला. वेलीला लटकलेली हिरवी बोंडं, आणि शेजारी फेसानं वर आलेला काचेचा ग्लास. “हॉप्स म्हणतात याला. परदेशी माल. तिकडं झोपेसाठी उशीत भरतात, चहा करून पितात, नाही असं नाही. पण मुख्य काम बिअरचं. बिअर कडू लागते ना, ती यानंच.” मला काय विचारतोस मेल्या, बिअर कशी लागते ते! दोन बायका हिरडा निवडत उभ्या होत्या, त्या वळून बघायला लागल्या. मग त्यानं मला नीट निरखलं. “तुम्ही त्या चोपड्याकडच्या ना? आडव्या बाटलीच्या? पेपरात फोटो आला होता तुमचा.” मी झाकण लावलं आणि पायऱ्या उतरले. झाकण धड बसलं नव्हतं. फुलं पिशवीत सांडली, गिलक्यांवर.

आडव्या बाटलीची मी, सुलक्षणा. एकवीस वर्षं झाली त्याला. गावातलं दारूचं दुकान राहू द्यायचं की बंद करायचं, यावर बायकांचं मतदान झालं होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या छापलेल्या, उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. मी तेव्हा गावात अंगणवाडी सेविका होते. पोरांची वजनं घ्यायच्या निमित्तानं प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत माझं जाणं होतं. कुठल्या घरात भांडी आपटतात, कुठल्या बाईचा ओठ कशानं सुजलाय, मला माहीत होतं. मी एकेकीला बखोटं धरून रांगेत उभी केली. दुकान बंद झालं, शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. त्या फोटोतली बाई गेल्या एकोणीस रात्री बिअरच्या फुलाचा काढा पिऊन घोरत पडली होती. रिक्षा न करता मी तशीच उन्हातून घरी निघाले. राग आला की मला चालावंच लागतं. रस्ताभर जिभेवर ती कडू चव येत होती, आणि खरं सांगायचं तर त्या चवीबरोबर झोपही येत होती, भर रस्त्यात, पाय चालत असताना. याचाच मला जास्त संताप आला.

झोप काय असते हे ज्याला ती रोज मिळते त्याला कळत नाही. मला ती एकवीस वर्षं मिळाली नव्हती. म्हणजे डोळा लागायचा, तासभर, दीड तास, आणि मग छातीवर कुणीतरी बसल्यासारखी मी जागी व्हायचे. लोकांनी काय काय सांगितलं! जायफळ उगाळून दुधातून घ्या. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासा. खसखस वाटून खा. नामस्मरण करा, हे तर प्रत्येकजण सांगतो, जसं काही मी रात्री सिनेमाची गाणी म्हणत पडते. माझी धाकटी नणंद दोंडाईच्याला असते, तिनं तर सांगितलं, उशीखाली विळा ठेव. ठेवला. मग रात्रभर विळ्याचाच विचार. आणि तीन आठवड्यांपूर्वी पुनमनं, माझ्या सुनेनं, संध्याकाळी समोर कप ठेवला. “आई, हे घेऊन बघा. फुलांचा चहा आहे.” वास ओल्या कडब्यासारखा, चव कडुनिंबाची थोरली बहीण. मी तोंड वाकडं करून प्यायले, आपण काय पाजलं याचं पुनमला वाईट वाटावं म्हणून पूर्ण प्यायले, आणि सकाळी साडेसहाला जागी झाले. मध्ये काहीच नाही. स्वप्न नाही, दचकणं नाही, कुणाचा आवाज नाही. उठून मी बराच वेळ अंथरुणात नुसती बसले. पुनमला काही बोलले नाही. सुनेचा उपकार तिला सांगायचा नसतो.

पुनम लॅबमधून दुपारी जेवायला घरी येते. ती रक्त तपासते. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढायचं आणि संध्याकाळी येऊन त्याच हातांनी पोळ्या लाटायच्या. धुळ्याची पोर, तोंडाळ नाही, पण तिचं गप्प बसणंही मला उत्तर दिल्यासारखं वाटतं. ती चप्पल काढत होती तेवढ्यात मी पाकीट तिच्या पायाशी टाकलं. “हे काय पाजलंस मला?” ती खाली वाकली, पाकीट उचललं. “बिअरचं फूल! मला! या घरात! अगं, सासूच्या नावाला अख्खा तालुका ओळखतो, काही लाज?” तिनं शांतपणे पाणी प्यायलं. “आई, यात दारू नसते. दारूत हे असतं.” “वकिली करू नकोस.” “वकिली नाही. कोथिंबीर भज्यात असते म्हणून कोथिंबीर खाल्ली की भजी खाल्ली असं होत नाही.” म्हणजे बघा हिची जीभ! मी म्हटलं, माझ्यासाठी दुकानात दुसरं काही मिळालं नाही का तुला, मुद्दाम हेच आणलंस, मला खाली पाहायला लावायला. त्यावर ती एकदम म्हणाली, “तुमच्यासाठी नव्हतं आणलं.” आणि म्हणून झाल्यावर तिचा चेहरा असा झाला, की हे बोलायचं नव्हतं हे मलाही कळलं.

“मग कुणासाठी?” ती ताट वाढायला वळली. मी तिचा दंड धरला. “कुणासाठी, पुनम?” ती म्हणाली, “ललितनं मागवलं होतं. त्याला झोप लागत नाही. मोबाइलवर कुठंतरी वाचलं त्यानं. डॉक्टर म्हणाले, या चहानं तुमचं काही होणार नाही, तुम्हाला औषधंच लागतील. मग पाकीट पडून होतं, टाकून देण्यापेक्षा तुम्हाला दिलं.” कसली औषधं, मी विचारलं. माझा ललित, एकतीस वर्षांचा, ठिबकच्या नळ्या विकत साक्रीपासून चोपड्यापर्यंत मोटारीनं हिंडतो, त्याला कसली औषधं? पुनमनं गॅस बंद केला. “आई, तो पितो. वर्ष होत आलं. आधी बाहेरगावी मुक्कामाला असला की, आता रोज. गाडीत पितो आणि बडीशेप खाऊन वर येतो. त्याच्या लिव्हरचा रिपोर्ट मी माझ्या हातानं काढलाय.” मी ऐकत होते आणि मला बडीशेपेचा वास येत होता. वर्षभर मी तो वास घेतला होता आणि मनात म्हणत होते, माझा लेक किती नीटनेटका, जेवण झालं की बडीशेप खातो. “पुढच्या सोमवारी भरती करायचंय त्याला,” पुनम सांगत होती, “इथंच, डॉक्टरांनी बेड सांगून ठेवलाय. तोवर एकदम बंद करायची नाही म्हणालेत. रोजची सवय असलेल्या माणसानं घरच्या घरी एकदम सोडली तर फिट येते. जिवावर बेततं.”

मी तिला काय काय बोलले ते आता लिहायलाही नको. तूच लावलीस, तुझ्या माहेरचे पितात, डॉक्टर आणि तू मिळून माझ्या पोराला पाजताय. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. पण मी बोलत होते ते तिला नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. एकदम बंद करायची नाही. हे शब्द मी आधी ऐकले होते. अगदी हेच, चोपड्याच्या एका डॉक्टरच्या तोंडून, लाकडी बाकावर बसून. ते शब्द पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि ते तिच्या तोंडून आले म्हणून तिचं तोंड मला नकोसं झालं. मी आत गेले, दार लावलं आणि गावी जाऊबाईंना फोन लावला. भिकुबाई माझी थोरली जाऊ, गावातलं घर आणि देव तिच्याकडे. रविवारी कानबाई होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, लुगडं नेसवून चौरंगावर मांडायचं, आणि साऱ्या भाऊबंदकीनं एकत्र बसून रोट खायचे. रोटाचं दळण घरातल्या पुरुषांमागे माणशी सव्वा मूठ. बाहेरच्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही. आमच्या घरात कानबाईच्या चौरंगावर हात ठेवून सांगितलेलं मोडत नाहीत. मोडलं तर वंशावर येतं म्हणतात. भिकुबाई फोनवर ओरडलीच. “माय वं! ललित पेस? आपला ललित?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “रडू नको. रईवारले लई ये त्याले. कानबाईपुढे हात ठेवाडू. तेना बापनी ठेवा व्हता ना, तसाच.”

तो बुधवार होता. संध्याकाळी ललित आला. मी त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत. सगळं तोंडावर फेकलं. तो रडेल, खोटं बोलेल, पुनमवर चिडेल, असं वाटलं होतं. त्यातलं काही झालं नाही. खाली बसला आणि लहानपणी पाटीवर चुकलं की बघायचा तसं बघत म्हणाला, “आई, सोडतो.” “रविवारी हात ठेवायचा.” “ठेवतो.” पुनम म्हणाली, “ललित, डॉक्टर काय म्हणाले?” तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “आईनं एवढं गाव सुधारलं, मी तिचा पोरगा. बाबांनी एका शब्दावर सोडली होती. मला नाही जमणार?” बाबांनी एका शब्दावर सोडली होती! मीच सांगितलेलं हे. बाप गेला तेव्हा तो मामाच्या घरी होता, त्याला परत आणलं तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला मी सांगितलं, तुझ्या बाबांनी देवासमोर दारू सोडली, आणि पाच दिवसांनी देवानं त्यांना झोपेत नेलं. पुण्यवान माणूस. पुढं मी हे इतक्या वेळा सांगितलं, इतक्या गावांत, इतक्या माइकवर, की सांगताना माझा आवाज ज्या ठिकाणी भरून यायचा ते ठिकाणसुद्धा ठरलेलं होतं.

त्या रात्रीपासून मी चहा बंद केला. झोपही बंद झाली. आणि झोप बंद झाली की तो येतो. माझा नवरा. मी आयुष्यात त्याचं नाव घेतलं नाही, आता घेते. कौतिक. कौतिक वाईट नव्हता हो. त्यानं मला कधी हात लावला नाही. तो प्यायचा आणि झोपायचा, एवढंच. मी भांडायचे तर म्हणायचा, पिल्याशिवाय डोळा लागत नाही, काय करू? मला वाटायचं हा बहाणा. पिणाऱ्याला हजार बहाणे. मतदानानंतर गावातले टवाळ मला वाटेत गाठून विचारायचे, वहिनी, सगळ्यांची बंद केली, कौतिकभाऊंची कधी? मला तोंड दाखवायला जागा नव्हती. शेजारच्या गावात अजून दुकान चालू होतं, तो तिकडं जायचा आणि माझ्या अंगणवाडीसमोरून झोकांड्या खात परत यायचा. म्हणून त्या श्रावणात मी त्याला कानबाईच्या चौरंगासमोर बसवला. माझी नाचक्की होते म्हणून. त्याच्या काळजाची, यकृताची काळजी मला नव्हती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यानं भाऊबंदकीसमोर हात ठेवला, बायकांनी गाणी म्हटली, आणि मी त्या दिवशी पाच रोट खाल्ले.

सोमवारी त्याचे हात कापायला लागले. मंगळवारी घामानं गोधडी भिजली. मी जायफळ दिलं, तूप घासलं, पिंपळमुळाचा काढा दिला. डोळे सताड उघडे. मंगळवारी दुपारी चोपड्याला नेलं, तेव्हा त्या डॉक्टरनं त्याच्या जिभेकडं, हातांकडं पाहिलं आणि मला म्हणाला, “ताई, एकदम बंद करायची नसते अशी. इथं ठेवा चार दिवस, औषधानं उतरवू.” मी म्हटलं, म्हणजे तुम्ही दारूच पाजणार ना दुसऱ्या नावानं? तो म्हणाला, नाही हो, झोपेचं औषध द्यावं लागेल. मला वाटलं, हाही पिणाराच, सगळे पुरुष एका माळेचे मणी. आणि दवाखान्यात ठेवला तर गावात काय सांगू? देवापुढं शपथ घेतली आणि दवाखान्यात गेला? परत आणला. रस्त्यात तो म्हणाला नाही की ठेव म्हणून. बुधवारी रात्री म्हणाला. आमच्याकडे झोपेला जप म्हणतात. “ललितनी माय, माले जप लागू दे वं. एक घोट दे. कानबाईले मी सांगसू.” मी दाराला कडी लावून दाराशी बसले. घराबाहेर माझ्या महिला मंडळाच्या दोघीजणी पहाऱ्याला होत्या, कुणी त्याला चोरून आणून देऊ नये म्हणून. गुरुवारी तो गोधडीवरच्या मुंग्या झटकत होता. गोधडीवर मुंग्या नव्हत्या. रात्री त्याला पहिला झटका आला, मग दुसरा. शुक्रवारी उजाडायच्या आत गेला. डोळे उघडेच होते, मी मिटले. बाहेर आले आणि पहाऱ्यावरच्या बायकांना म्हटलं, झोपेत गेले. त्या म्हणाल्या, सोनं झालं.

तर हे असं आहे. एकवीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, दारूनं मेला. दारूनं माणसं मरतात, ते खोटं नाही. माझ्या गावातल्या कितीतरी बायकांचं घर मी वाचवलं, तेही खोटं नाही. पण एक माणूस जप मागत होता आणि मी दाराशी बसले होते. त्या फुलानं मला एकोणीस रात्री यातून सुटका दिली होती, म्हणून मी त्या फुलावर आणि ते देणाऱ्या पोरीवर चवताळून उठले होते. गुरुवारी ललितच्या हातातली कपबशी वाजली. मी मुकाट्यानं पेपर वाचत होते. शुक्रवारी तो कामावर गेला नाही. शनिवारी दुपारी पुनम माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. “आई, त्यानं बुधवारपासून एक थेंब घेतला नाहीये. गोळ्याही घेत नाही. मी पाया पडले, आजच चला म्हटलं, सोमवारची वाट नको. म्हणतो, रविवार होऊ दे, आईला शब्द दिलाय.” तिचे डोळे लाल होते, तिलाही कुठली झोप असणार? “तुम्ही सांगा. माझं नाही ऐकणार, तुमचं ऐकेल. एवढं करा, मग मला हवं ते बोला, आयुष्यभर बोला.” मी म्हटलं, बघते. तिनं वाट पाहिली. मी उठून तुळशीला पाणी घातलं. सांगायचं म्हणजे का सांगायचं तेही सांगावं लागलं असतं. आणि माझ्या मनात एक हलकट आशा होती, खोटं कशाला बोलू. हा वाचला, शपथ घेऊन धडधाकट राहिला, तर तो डॉक्टर चुकला असं होईल, आणि कौतिक आपल्या मरणानं मेला असं होईल. पोटच्या पोराला मी त्यासाठी पणाला लावत होते. आईची माया म्हणतात ती हीच का, मला माहीत नाही.

रविवारी गाडी पुनमनं चालवली. ललित पुढं बसला होता, काच खाली करून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तापीचा पूल ओलांडला तेव्हा तो म्हणाला, पाणी कसलं लाल दिसतंय. पाणी गढूळ होतं, पावसाळ्यात असतंच. पुनमनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, आणि मी त्यांच्याकडं बघत बसले. घरी पोचलो तर ओटा भाऊबंदांनी भरलेला. झुलाल आबा, माझे थोरले दीर, खुर्चीत बसलेले. आत चौरंगावर कानबाई मांडलेली, हिरवं लुगडं, नथ, समोर रोटांची चळत, पुरणपोळ्या, खीर, गिलक्याची भाजी. भिकुबाईनं ललितच्या गालावरून हात फिरवला आणि हात लगेच मागं घेतला. “माय, किती तापेल शे हाऊ!” पण गाणी सुरू झाली होती. मी विधवा, माझी जागा भिंतीशी, मी भिंतीशी उभी राहिले. सगळ्यांना फोन गेलेले होते. सगळ्यांना माहीत होतं. आबांनी हाक मारली, “ये भाऊ. ठेव हात. तुना बापबी आठेच बसना व्हता.”

ललित बसला. पाठीवरचा शर्ट ओला झालेला. त्यानं हात पुढं केला आणि चौरंगापर्यंत जायच्या आत तो हात रोटांकडं वळला आणि रोटांवरून काहीतरी झटकायला लागला. हळूहळू, नीट, एक-एक करून. “आई,” त्यानं मान वळवून मला शोधलं, “मुंग्या चढल्या बघ रोटांवर. किती मुंग्या.” कुणीतरी बाई पुढं होऊन बघायला लागली. मुंगी कुठं होती तिथं? मी भिंत सोडली. बायकांच्या मधून, कुणाच्या पदरावर पाय देत, मी गेले आणि त्याचं मनगट धरलं. निखाऱ्यासारखं गरम आणि ओलं. “ऊठ.” “आई, हात ठेवायचाय.” “ऊठ म्हणते ना!” आबा खुर्चीतून अर्धे उठले. “बाई, देव मांडेल शे. चौरंगवरथीन उठाडस का पोऱ्याले?” भिकुबाईनं माझा दंड धरला, वंशावर येईल, वंशावर येईल, म्हणायला लागली. मी तिला ढकलली. जन्मात पहिल्यांदा थोरल्या जावेला ढकलली, ती भाजीच्या पातेल्याशेजारी बसली. “येऊ दे वंशावर!” मी ओरडले. “वंश इथं बसून मुंग्या झटकतोय, तुम्हाला दिसत नाही का?” ललित उठेना. म्हणाला, “मी शब्द दिलाय तुला.” मी त्याच्या थोबाडीत मारली. एकतीस वर्षांच्या पोराला, साऱ्या भाऊबंदकीत. मग तो उठला. पुनम कधीच बाहेर जाऊन गाडी वळवून उभी होती.

चोपडं नऊ किलोमीटर. ललितचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तो खाली उतरायला बघत होता, म्हणत होता गाडीत माणसं जास्त झालीत. मी त्याला दोन्ही हातांनी दाबून धरला. दवाखान्याच्या दारात त्याला झटका आला. तिथंच स्ट्रेचर होतं, माणसं होती, सुई होती. डॉक्टरीण पुनमच्याच वयाची, भराभर बोलणारी. तासाभरानं त्याचे हात थांबले. डोळे जड झाले होते, पण जागा होता. त्यानं चाचपडत माझं बोट धरलं. डॉक्टरीण कागद घेऊन कॉटशी आली. “वेळेवर आणलंत. आता माहिती द्या. शेवटची कधी घेतली?” पुनम म्हणाली, बुधवारी संध्याकाळी. “अशी एकदम कुणी बंद करायला लावली?” पुनमनं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं, मला सोडलं तिनं. “मी,” मी म्हटलं. डॉक्टरीण लिहीत गेली. “घरात आधी कुणाला असं झालंय? वडील पीत होते का?” “पीत होते,” पुनम म्हणाली, “पण त्यांनी सोडली होती. ते झोपेत गेले.” डॉक्टरीणबाईंचं पेन चाललं.

“ते खोडा,” मी म्हटलं.

पेन थांबलं. ललितची बोटं माझ्या बोटावर होती, सैल, गरम. मी भिंतीकडं बघून बोलले, कारण त्याच्याकडं बघून मला ते बोलता आलं नसतं. “मी सोडायला लावली. एका दिवसात. हेच सगळं झालं, घाम, कापणं, मुंग्या. इथल्याच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, ठेवा म्हणून. मी घरी नेले. कोंडले. चार रात्री त्यांना झोप नव्हती. पाचव्या दिवशी झटके येऊन गेले. याच्या औषधाला उपयोग होत असेल तर लिहा.” खोलीत सलाइन ठिबकत होतं. डॉक्टरीण म्हणाली, “हो, उपयोग होतो,” आणि लिहायला लागली. ललितचं बोट माझ्या बोटावरून निघालं. घाईनं नाही; एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसं. त्यानं तोंड छताकडं फिरवलं. मग त्यानं बायकोला हाक मारली, जड जिभेनं, पण शब्द नीट होते.

“पुनम, हिला बाहेर बसव.”

मी कुणी हात धरायच्या आधीच उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.